सरकलेली गादी, दुसऱ्यांदा

"रिकरंट आहे," डॉक्टर म्हणाले. "सेम लेव्हल. फ्यूजन करावं लागेल. बाहेर मॅडमकडून तारीख घेऊन जा."

हे ते आधी कॉम्प्युटरच्या पडद्याला म्हणाले आणि मग माझ्या नवऱ्याला. कारण नवरा खुर्चीत बसला होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मला बसताच येत नव्हतं. खोलीतल्या दोघांपैकी पेशंट कोण, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. नांदेडचं मोठं हॉस्पिटल, भिंतीवर प्रमाणपत्रांच्या सात चौकटी, आणि माझ्या पाठीला किंवा पायाला एकदाही हात न लावलेला माणूस. साडेतीन तास थांबून आम्हाला चार मिनिटं मिळाली. त्यातलं एक त्यांच्या फोनने खाल्लं.

मी नर्स आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो मूर्खपणा केला त्यावर अडाणीपणाचं पांघरूण घालता येणार नाही. वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या पलीकडे एका उपकेंद्रात मी बावीस वर्षं काम करते. हजारो लेकरांना लस दिली, शेकडो बाळंतपणं पाहिली. 'रिकरंट डिस्क हर्निएशन' हे शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण तुम्हाला सांगते.

कमरेच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिला डिस्क म्हणतात. बाहेरून चिवट, आतून मऊ. बाहेरचं आवरण फाटलं की आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणारी नस दाबतो. आपण त्याला गादी सरकली म्हणतो. माझी गादी एल-फोर एल-फाइव्ह, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली. रिकरंट म्हणजे जिचा तुकडा एकदा ऑपरेशन करून काढला, तीच गादी त्याच जागी पुन्हा बाहेर आली.

पहिल्यांदा हे झालं होतं त्याच्या अडीच वर्षं आधी. तेव्हा तीन महिने व्यायाम, गोळ्या, पट्टा सगळं केलं आणि शेवटी मायक्रोडिस्केक्टॉमी झाली. म्हणजे पाठीला लहानशी चीर देऊन, मायक्रोस्कोपमधून बघत, नसेवर आलेला गादीचा तुकडा तेवढा काढून टाकायचा. नवव्या दिवशी मी अंगणात फिरत होते. पुढची दोन वर्षं मी ठणठणीत होते आणि या ठणठणीतपणाचा मला फार गर्व होता. कुणी कंबर धरून आलं की मी माझी चीर दाखवायचे, जसं काही ती मीच मारून घेतली होती.

मग एका सकाळी आंघोळ झाल्यावर टॉवेल उचलायला वाकले आणि शिंक आली. बस. ना पोतं उचललं ना पडले. एक शिंक. कमरेपासून डाव्या कुल्ल्यातून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. पायात उतरणाऱ्या या कळेला सायटिका म्हणतात. मी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी गुडघ्यावर बसून राहिले. नवरा बाहेरून विचारत होता, "काय पडलं?" मी म्हटलं, "मीच."

नांदेडहून तारीख घेऊन आलो आणि घरात सल्ल्यांचा दवाखाना उघडला.

आपल्याकडे प्रत्येक कंबरदुखीला एकच निदान आहे, 'मणक्यात गॅप'. हा गॅप कुणी पाहिलेला नाही. कोणत्या दोन हाडांत, किती, कशामुळे, काही माहीत नसतं. पण तो असतो, आणि भरायचा असतो. कुणी डिंकाने भरतो, कुणी तेलाने. एका शिक्षिकेने, चांगल्या एम.ए. बीएड बाईने, मला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. तिच्यात एक माणूस मेथी भिजवून गॅप भरत होता. मी तिला विचारलं, "बाई, मेथी पोटात जाते, मग मणक्यात कोणत्या वाटेने जाते?" तिला राग आला. अजून बोलत नाही. आजाराचे काही फायदे असतात.

पण या सगळ्यांचे गुरू म्हणजे माझे दीर. त्यांचं वसमतला नळाच्या सामानाचं दुकान आहे. पाइप कुठे गळतो हे त्यांना कळतं, म्हणून माणूस कुठे गळतो हेही कळतं असा त्यांचा समज आहे.

"वहिनी, काहून कापून घेऊन राहिल्या परत?" ते म्हणाले. "एकदा कापलं म्हणूनच तर हे झालं. आता स्क्रू टाकतील, मंग वाकताबी येनार न्हाई. वारंगा फाट्यावर एक मानूस हाय. एका झटक्यात गादी बराबर बसवतो."

"भाऊजी, ती गादी बाहेर आलीय. झटक्याने आत जात नसते."

"तुमी चार बुकं वाचली, हे बराबर. पर त्यानं हजार कंबरा बसवल्या."

मी हसले नाही, कारण हसलं की कळ येत होती. आणि खरं सांगते, मला स्क्रूची भीती वाटत होती. त्या चार मिनिटांत त्या डॉक्टरने मला एवढं जरी सांगितलं असतं की फ्यूजन म्हणजे काय, कशासाठी, नाही केलं तर काय, तर मी फाट्यावर गेले नसते. ते चारच मिनिटं भेटले. दीर आठ दिवस रोज येऊन बसले. माणूस जो वेळ देतो त्याचं ऐकतो. याची मला आज लाज वाटते, पण हे असंच घडलं.

फाट्यावर टायरच्या दुकानामागे पत्र्याचं शेड होतं. बाहेर फळी, फळीवर दहा-बारा कण्हणारी माणसं, आणि बोर्डावर 'गॅरंटी'. कशाची गॅरंटी हे लिहिलं नव्हतं. आतला माणूस जाडजूड, गोड बोलणारा होता. माझा एमआरआय त्याने उलटा धरून उजेडात पाहिला आणि मान डोलावली.

"सिस्टर हाय व्हय तुमी? मंग तर तुमाला तकलीफच न्हाई समजावून सांगायची."

मला बरं वाटलं. बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला त्या उलट्या एमआरआयसमोर बरं वाटलं. मी पालथी झोपले. त्याने माझ्या घोट्यांना पंचा बांधला, एका माणसाला ओढायला सांगितलं आणि स्वतः कमरेवर गुडघा ठेवून झटका दिला. कट्ट आवाज आला.

"वाजलं!" फळीवरचे सगळे म्हणाले. नवराही म्हणाला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी कधीच विसरणार नाही आणि कधीच पुरता माफ करणार नाही.

आणि आता जे सांगते ते नीट वाचा, कारण यासाठीच मी लिहायला बसले आहे. माझं दुखणं कमी झालं. दोन दिवसांत पायातली कळ निम्म्यावर आली. दीर पेढे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला कळलं नाही. सासूने मागून हाक मारून दिली. चौथ्या दिवशी पाय फरशीवर चापट मारल्यासारखा पडायला लागला, फट, फट. दुखणं गेलं होतं, कारण नस थकत चालली होती. तिच्यात ओरडायचीही ताकद उरली नव्हती. याला फूट ड्रॉप म्हणतात, पाऊल वर उचलता न येणं. कळ कमी झाली आणि ताकदही कमी झाली, तर तो आराम नसतो.

"दुखायचं थांबलं ना?" दीर म्हणाले. "मंग? थोडी कमजोरी राहतीच."

मी तरीही कामावर गेले. बरं झाल्याचं दाखवायचं होतं ना. आरोग्य केंद्रात महिन्याची मीटिंग होती. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नुकत्या आलेल्या. त्यांना मी मनात 'बाहुली' म्हणायचे. त्यांनी मला व्हरांड्यातून येताना पाहिलं आणि हातातलं रजिस्टर खाली ठेवलं.

"सिस्टर, थांबा. टाचांवर चालून दाखवा."

उजवी टाच टेकली. डावं पाऊल उचललंच गेलं नाही.

"हे कधीपासून?"

"चार दिवस."

"आणि तुम्ही मीटिंगला आलात?" त्यांनी तिथेच ओळखीच्या एका सर्जनना फोन लावला. "आजच निघा. उद्या नाही, आज."

छत्रपती संभाजीनगरपर्यंत मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून गेले. नवरा पुढे बसला होता. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण गाडी चालवणारा माणूस परका होता.

हे दुसरे सर्जन पन्नाशीचे, तिरसट. नमस्काराला मान हलवत नाहीत. पण आधी म्हणाले, "झोपा." मोजे काढायला लावले. पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर उचला. जोर लावा."

"लावतेय."

अंगठा तसाच पडून होता. माझाच अंगठा, आणि दुकानात ठेवलेल्या वस्तूसारखा.

फाट्यावरच्या झटक्याचंही मी त्या माणसाला नावं ठेवत सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, लघवी नीट होते का? अडते का? बसतो त्या जागेला बधिरपणा आहे का? नवऱ्यासमोर विचारलं म्हणून मी संकोचले, तर खेकसले, "लाजायचं असेल तर घरी जा." तो बधिरपणा नव्हता, हे माझं नशीब. तुम्हाला मात्र सांगून ठेवते. गादी सरकलेल्या माणसाची लघवी अडली, किंवा कळेनाशी झाली, किंवा मांड्यांच्या मधल्या जागेतली जाणीव गेली, तर त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, म्हणजे कमरेतल्या नसांचा सगळा जुडगाच दाबला जाणं. तेव्हा फळीवर रांगेत बसायचं नाही, दिराची वाट बघायची नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं.

त्यांनी पुन्हा एमआरआय करायला लावला, या वेळी शिरेतून औषध देऊन. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. एकदा ऑपरेशन झालेल्या पाठीत जुन्या जखमेचा चिवट व्रण असतो. साध्या एमआरआयमध्ये तो व्रण आणि नवा गादीचा तुकडा ओळखायला कठीण जातात. औषधाने व्रण उजळतो, तुकडा सहसा मधून काळाच राहतो. मग वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढले, मणका जागेवरून हलतो का ते बघायला. नांदेडच्या सात चौकटींना यातलं काही सुचलं नव्हतं.

नंतर त्यांनी कागदावर मणक्याचं चित्र काढलं आणि पर्याय सांगितले. आवाज वैतागलेलाच होता, पण काही सोडलं नाही.

गादी दुसऱ्यांदा सरकली म्हणजे ऑपरेशन लागतंच असं नाही. पायात ताकद असेल तर काही आठवडे थांबता येतं. व्यायाम, औषधं, नाहीतर नसेजवळ इंजेक्शन, ज्याला नर्व्ह रूट ब्लॉक म्हणतात. पुष्कळांचं त्यावर भागतं. पण माझी ताकद रोज कमी होत होती, म्हणून माझ्यासाठी ते दार बंद.

दुसरा पर्याय रिव्हिजन डिस्केक्टॉमी. पहिलंच ऑपरेशन त्याच जागी पुन्हा. अवघड, कारण व्रणात नस चिकटून बसलेली असते. नसांभोवतीच्या ड्युरा नावाच्या पातळ पिशवीला चीर जाण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. हेच काही ठिकाणी एंडोस्कोपने, बारीक नळीतून करतात. चीर लहान, पण तेवढ्याने ते सगळ्यांसाठी चांगलं ठरत नाही.

तिसरा फ्यूजन. गादी पूर्ण काढून तिथे ठोकळा बसवायचा आणि वरच्या-खालच्या मणक्यांना स्क्रू आणि सळईने जोडायचं. दोन हाडांचं एक हाड होतं. ती गादी पुन्हा सरकायचा प्रश्न उरत नाही, पण तो सांधा कायमचा जातो आणि शेजारच्या गाद्यांवर भार वाढतो. मणका हलत असेल, किंवा गादी पुन्हा पुन्हा निघत असेल, तर हे योग्य.

कृत्रिम गादीही असते. "ती तुमच्यासाठी नाही," म्हणाले, आणि त्यावर काट मारली.

नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "सर, फ्यूजनच करून टाका. परत परत नको."

"परत परत नको, हे कारण माझं असू शकतं. तुमचं असू शकतं. मणक्याचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मणका हलत नाही यांचा. तुकडा काढू, नस मोकळी करू. तिसऱ्यांदा निघालीच तर फ्यूजनचं बघू. आणि निघणारच नाही असं मी सांगणार नाही."

मग माझ्याकडे वळले. "सिस्टर आहात ना? तुमच्याकडे कमरेचे पेशंट येतात तेव्हा काय करता?"

"गोळ्या देते. इंजेक्शन सांगितलं असेल तर ते."

"पायातली ताकद बघता?"

मी मोजे घालायला घेतले.

"बावीस वर्षांत एकदा?"

ते हसले. ते हसू मला अजून चावतं. "मग त्या फाट्यावरच्या माणसाला कशाला नावं ठेवता? तो निदान पाय हातात तरी धरतो."

हा माणूस मला आवडला नाही. आजही आवडत नाही. पण माझ्याबद्दल इतकं खरं माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं, आणि मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ साफ गेली होती. मी लगेच अंगठा उचलून पाहिला. नाही उचलला. ड्युराला बारीक चीर गेली होती, ती शिवली, असं डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले. लपवलं नाही. त्यामुळे दोन दिवस सपाट पडून राहायचं, डोकं उचलायचं नाही. कूस बदलायची तर खांदे आणि कुल्ले एकदम, लाकडाचा ओंडका फिरवतात तसं. लघवीला नळी. बावीस वर्षं मी ती दुसऱ्यांना घातली आणि 'काही होत नाही' म्हणाले. होतं.

आणि भेटायला येणारे! शहाळं आणि ऑपरेशन बिघडलेला एक नातेवाईक, दोन्ही सोबत घेऊन येतात. कुणाच्या मावशीला ऑपरेशननंतर खाटेवरून उठताच आलं नाही, कुणाचा साडू लुळा झाला. मी छताकडे बघत ऐकायचे. एक बाई तर माझ्या पायाशी बसून म्हणाल्या, "आता कसं व्हायचं वो तुमचं," आणि शहाळं स्वतःच प्याल्या.

नवरा रोज खाटेशी बसून पाय चोळायचा. चौथ्या दिवशी पाय चोळतानाच, वर न बघता म्हणाला, "मीबी 'वाजलं' म्हनलो होतो."

"व्हय."

"मला वाटलं..."

"मलाबी वाटलं," मी म्हणाले. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पण त्याने दिराला घरी येऊ नको म्हणून सांगितलं, आणि हे त्याच्यासाठी ऑपरेशनपेक्षा अवघड होतं.

अंगठा सातव्या आठवड्यात हलला. हलला म्हणजे, मला हलल्यासारखा वाटला आणि फिजिओथेरपीच्या मुलीने दुसऱ्यांदा करून दाखवा म्हटलं तेव्हा खरंच हलला. आज नऊ महिने झाले. पाऊल बरंचसं उचलतं, पुरतं नाही. लांब चालायचं तर चपलेऐवजी बूट आणि त्यात प्लास्टिकची पट्टी, जी पाऊल वर धरून ठेवते. अंगठ्याजवळची बोटं बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडं येईल, सगळं येईलच असं नाही. चार दिवस आधी आले असते तर? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं.

मी तालुक्याला फाट्यावरच्या माणसाविरुद्ध लेखी अर्ज दिला. चौकशी झाली म्हणे. शेड रस्त्याच्या एका बाजूने उठलं आणि दुसऱ्या बाजूला लागलं. बोर्ड मोठा झाला. दीर अजूनही लोकांना तिकडे पाठवतात. माझं उदाहरण देतात. दुखणं थांबलं होतं, इथपर्यंतच सांगतात.

मी कामावर परतल्यावर दुसऱ्याच महिन्यात गंगासागर आली. आमच्या उपकेंद्राच्या गावातली, माझ्याच वयाची, शेतात राबणारी बाई. तिचीही गादी दुसऱ्यांदा सरकली होती. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"सिस्टर, पोरगं म्हनतंय स्क्रू टाकून घे. जाऊबाई म्हनती नगं. तुमी सांगाल तसं करते."

मला उत्तर येत होतं. निदान मला तसं वाटत होतं, आणि हीच गोष्ट मला आता चांगली ओळखीची झाली आहे. मी तोंड मिटलं. तिचे पाय तपासले, ताकद चांगली होती, ते कागदावर लिहिलं आणि रजा टाकून तिच्यासोबत त्याच तिरसट माणसाकडे गेले. पाच तास जाताना. तिने तीनदा विचारलं, मी काहीच सांगितलं नाही.

त्यांनी तिला तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन नको. सहा आठवडे व्यायाम, मग बघू. ताकद कमी वाटली तर लगेच या. गंगासागर बाहेर आली ती फणकाऱ्यात.

"येवढ्या लांब आनलं आन् नुस्तं पडून पाय उचलाया सांगितले? लई हुशार वाटला न्हाई मला ह्यो डॉक्टर."

मला हसू आलं. ज्या माणसाने माझा पाय वाचवला, जेवढा वाचवला तेवढा, त्याचे आभार मी तोवर मानले नव्हते. मी आत डोकावले. ते पुढच्या पेशंटला मोजे काढायला लावत होते. "सर, थँक्यू," मी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "दार लावा," म्हणाले. मी लावलं.

आठ आठवड्यांनी गंगासागर उपकेंद्रात आली, डोक्यावर सरपणाचा लहानसा भारा. मी ओरडले, उतरव म्हणून. तिने उतरवला, दोन गोष्टी बोलली, डॉक्टरला पुन्हा एकदा नावं ठेवली आणि भारा काखेत मारून निघाली. मी दारात उभी राहून तिचे पाय बघत होते. धुळीत पावलं उमटत गेली, डावं, उजवं, डावं. दोन्ही सारखी होती.